निरोगी माणसाच्या मेंदूत बुरशी पोचते तेव्हा

सप्टेंबर २०१२ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्यात मेनिन्जायटिसच्या, म्हणजे मेंदूभोवतीच्या आवरणांना सूज आलेल्या, एका रुग्णाने डॉक्टरांना कोड्यात टाकले होते. जिवाणूंवरची औषधे देऊनही त्याची प्रकृती ढासळत गेली आणि मेंदूभोवतीच्या पाण्याच्या नमुन्यात अखेर उगवली ती ॲस्परजिलस नावाची बुरशी. त्याच्या प्रतिकारशक्तीत कोणताही ज्ञात दोष नव्हता. संसर्गजन्य रोगांच्या तज्ज्ञ डॉ. एप्रिल पेटिट यांनी त्याच्या अलीकडच्या उपचारांची बारकाईने चौकशी केली, तेव्हा पाठदुखीसाठी त्याला मणक्याजवळ स्टेरॉइडची इंजेक्शने दिली गेल्याचे समजले. त्यांनी ही बाब राज्याच्या आरोग्य विभागाला कळवली. एकाच उत्पादन केंद्रातून आलेल्या त्या इंजेक्शनांत बुरशी होती आणि ती सुमारे १४ हजार लोकांना दिली गेली होती, हे पुढच्या काही आठवड्यांत उघड झाले. त्यांपैकी ७५० हून अधिक लोक आजारी पडले आणि ६० हून अधिक दगावले. ज्यांच्या नमुन्यांत बुरशी ओळखता आली, त्यांतील बहुतेकांत सापडली ती एक्सेरोहायलम ही निराळीच बुरशी, जिच्यामुळे मेनिन्जायटिस होतो असे त्याआधी जवळजवळ कुणाच्या ऐकिवात नव्हते.

असे प्रकरण बातम्यांत आले की वाचणाऱ्याच्या मनात साहजिकच दोन प्रश्न उभे राहतात. धडधाकट माणसाच्या मेंदूत बुरशी शिरतेच कशी, आणि ती ओळखायला डॉक्टरांना इतका वेळ का लागतो? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. रुग्ण ‘निरोगी’ आहे, या एका शब्दामुळेच बुरशीचा विचार मागे पडतो, असे माझे मत आहे.

बुरशी सहसा का हरते

बुरशीचे बीजाणू, म्हणजे हवेतून पसरणारे तिचे सूक्ष्म बी, आपण रोज श्वासाबरोबर आत घेतो. त्यांतले बहुतेक फुप्फुसातील पांढऱ्या पेशी गिळून टाकतात. जे उरतात, त्यांना शरीराचे ३७ अंश सेल्सिअस तापमान मानवत नाही, कारण माती, झाडे आणि कुजका पाला हेच बहुतेक बुरशींचे घर असून त्या थंडाव्यातच नीट वाढतात. बुरशीच्या लाखो जाती असतील असा अंदाज असताना माणसाला आजारी पाडणाऱ्या जाती काही शेच आहेत, याचे हे एक मोठे कारण आहे.

मेंदूला याखेरीज स्वतःचे एक संरक्षण आहे. शरीरात इतरत्र सूक्ष्म रक्तवाहिन्यांची भिंत सैल विणीच्या कापडासारखी असते आणि तिच्यातून बरेच काही झिरपते. मेंदूत मात्र ही वीण इतकी घट्ट असते की ठरावीक पदार्थांनाच तिच्यातून वाट मिळते. या घट्ट विणीला वैद्यकात रक्त-मेंदू अडथळा म्हणतात. तो जंतूंना थोपवतो, तसाच औषधांनाही थोपवतो. ही गोष्ट उपचारांच्या वेळी फार महाग पडते.

मग निरोगी माणसाला हा संसर्ग का होतो?

पहिली शक्यता अशी की बुरशीच विलक्षण असते. क्रिप्टोकॉकस या यीस्टसारख्या बुरशीभोवती शर्करेचे जाड बुळबुळीत कवच असते. तिला गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीच्या पोटात ती जिवंत राहते आणि प्रसंगी त्याच पेशीत बसून मेंदूची वीण ओलांडते. तिची निओफॉर्मन्स ही जात प्रामुख्याने एचआयव्हीबाधितांना किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांना गाठते, तर गॅटी ही जात धडधाकट माणसांनाही आजारी पाडते. गॅटी ही उष्ण प्रदेशांतील बुरशी मानली जात असे. पण १९९९ पासून कॅनडाच्या थंड हवेच्या व्हँकुव्हर बेटावर तिचे रुग्ण सापडू लागले. पुढच्या आठ-नऊ वर्षांत ब्रिटिश कोलंबिया प्रांतात दोनशेहून अधिक माणसांना तिची लागण झाली, शिवाय कुत्री, मांजरे आणि समुद्रातील पॉर्पॉइजदेखील आजारी पडली. ती तेथील झाडांवर आणि मातीत आढळली. रुग्णांचा दोष असलाच तर इतकाच होता की ते त्या हवेत श्वास घेत होते.

काळसर बुरशींचा गट याहून दुर्मिळ आणि अधिक घातक आहे. मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे त्यांच्या भिंती गडद दिसतात आणि तेच रंगद्रव्य पांढऱ्या पेशींच्या माऱ्यापासून त्यांचा बचाव करते. क्लॅडोफायलोफोरा बँटियाना ही त्यांतील प्रमुख बुरशी मेंदूत पुवाची गाठ तयार करते. अशा काळसर बुरशींच्या मेंदूतील संसर्गाच्या १०१ रुग्णांचा एक आढावा २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्याहून अधिक रुग्णांच्या प्रतिकारशक्तीत कोणताही ज्ञात दोष नव्हता, तरीही एकूण रुग्णांपैकी सुमारे ७० टक्के दगावले. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. २०२१ मध्ये कोविडच्या लाटेत भारतात ‘काळी बुरशी’ म्हणून गाजलेला म्युकरमायकोसिस हा वेगळा आजार आहे. त्यातील बुरशी स्वतः काळी नसते. रक्तपुरवठा तुटून मेलेली ऊती काळी पडते. शिवाय तो मुख्यतः अनियंत्रित मधुमेह किंवा स्टेरॉइडचा मारा झालेल्या रुग्णांना झाला. येथे ज्या रुग्णांविषयी लिहीत आहे, त्यांच्यात अशी कोणतीही ठळक खूण नसते.

दुसरी शक्यता म्हणजे बुरशी थेट आत पोचवली जाते. टेनेसीत सुरू झालेली साथ हे त्याचे उदाहरण आहे. २०२२ च्या अखेरीस मेक्सिकोतील दुरांगो शहरात आणि २०२३ मध्ये मातामोरोस शहरात मणक्याजवळ भूल दिलेल्या रुग्णांना फ्युजेरियम बुरशीचा मेनिन्जायटिस झाला. दुरांगोमधील रुग्णांत प्रसूतीसाठी आलेल्या तरुण स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. सुई थेट आवरणाजवळ पोचते, तेव्हा फुप्फुसे आणि मेंदूची घट्ट वीण या दोन्ही चौक्या आपोआप ओलांडल्या जातात आणि उत्तम प्रतिकारशक्तीही अपुरी पडते.

तिसरी शक्यता मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती अशी की माणूस निरोगी दिसतो, पण पूर्णपणे निरोगी नसतो. २००९ मध्ये एका इराणी कुटुंबाच्या अभ्यासातून कार्ड-नाइन या जनुकातील दोष उजेडात आला. आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष प्रत मिळालेल्या व्यक्तीच्या शरीराला बुरशीची चाहूल नीट लागत नाही आणि मेंदूतील संसर्गाच्या जागी पांढऱ्या पेशी पुरेशा संख्येने पोचत नाहीत. जिवाणू आणि विषाणूंशी मात्र हीच व्यक्ती इतरांसारखी लढते, त्यामुळे आयुष्याची कित्येक वर्षे कुणाला शंकाही येत नाही. काहींच्या बाबतीत दोष जन्मजात नसून नंतर उद्भवतो. फुप्फुसातील भक्षक पेशींना कामाला लावणारे जीएम-सीएसएफ नावाचे एक प्रथिन असते. काही लोकांचे शरीर त्याच्याविरुद्धच प्रतिपिंडे तयार करते आणि ते निष्प्रभ करून टाकते. ‘निरोगी’ म्हणून नोंद झालेल्या क्रिप्टोकॉकसच्या रुग्णांपैकी काहींच्या रक्तात ही प्रतिपिंडे २०१३ च्या सुमारास आढळली आणि गॅटीच्या रुग्णांत त्यांचा संबंध पुढे अधिक स्पष्ट झाला. एचआयव्ही नसतानाही सीडी-फोर पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीला दिशा देणाऱ्या पांढऱ्या पेशी, कमी असणारे थोडे रुग्ण असतात, ते वेगळेच. म्हणूनच ‘रुग्णाची प्रतिकारशक्ती चांगली आहे’ या वाक्याचा खरा अर्थ पुष्कळदा ‘नेहमीच्या तपासण्यांत काही सापडले नाही’ एवढाच असतो.

ओळखायला उशीर का होतो

जिवाणूंचा मेनिन्जायटिस काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत माणसाला आडवे करतो. बुरशी बहुधा आठवडे किंवा महिने घेते. हळूहळू वाढणारी डोकेदुखी, अधूनमधून ताप, उलट्या, दुहेरी दिसणे, चालताना तोल जाणे, स्वभावात किंवा स्मरणशक्तीत बदल अशी तिची लक्षणे असतात. ताप आणि मान आखडणे ही तर कधीकधी नसतातच. डोकेदुखीच्या हजारो रुग्णांत असा एखादाच असल्यामुळे पहिल्या भेटीत कुणी अर्धशिशी किंवा ताण असे निदान केले, तर त्याला दोष देता येत नाही.

खरा घोटाळा पुढच्या पायरीवर होतो. मेंदूभोवतीच्या पाण्याची, ज्याला डॉक्टर सीएसएफ म्हणतात (वर आलेल्या जीएम-सीएसएफ या प्रथिनाशी या नावाचा संबंध नाही), तपासणी केली की बुरशी आणि क्षयरोग यांचे चित्र जवळजवळ सारखेच दिसते. साखर कमी, प्रथिने जास्त आणि पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट वाढलेल्या, असा तो अहवाल असतो. एमआरआयमध्ये बुरशीची गाठ दिसली, तर ती कडेने उजळलेल्या कड्यासारखी असते. जिवाणूंचा पू, क्षयरोगाची गाठ आणि कर्करोगदेखील तसेच दिसू शकतात. क्षयरोग कितीतरी अधिक प्रमाणात आढळत असल्यामुळे त्याचे उपचार सुरू करणे तर्काला धरूनच असते. पण त्या उपचारांत दोन धोके दडलेले असतात. एक म्हणजे सोबत दिली जाणारी स्टेरॉइडे. ती सूज कमी करतात, रुग्णाला काही दिवस बरे वाटते आणि त्याच काळात बुरशी निर्धास्त वाढते. दुसरा धोका फारसा बोलला जात नाही. रिफाम्पिसिन हे क्षयरोगाचे प्रमुख औषध यकृताला इतर औषधे झपाट्याने नष्ट करायला लावते आणि त्यात व्होरिकोनॅझोल, फ्लुकोनॅझोल ही बुरशीविरोधी औषधेही येतात. बुरशीचे निदान झाल्यावर रिफाम्पिसिन विसरून तसेच चालू ठेवले, तर नवे औषध रक्तात पुरेसे टिकतच नाही.

पाण्यातून काय कळते आणि काय निसटते

पाठीच्या कण्यातून सुई घालून सीएसएफ काढतात, त्या वेळी सर्वांत आधी त्याचा दाब मोजायला हवा. ही साधी गोष्ट अनेकदा राहून जाते, आणि ती किती मोलाची आहे हे पुढे येईलच. क्रिप्टोकॉकससाठी पूर्वी शाईची चाचणी करत. काळ्या शाईच्या थेंबात बुरशीभोवतीचे कवच पांढऱ्या वलयासारखे उठून दिसते. परंतु प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या रुग्णाच्या पाण्यात बुरशी संख्येने थोडी असते आणि या चाचणीतून ती बऱ्याचदा सुटते. आता त्याच कवचाचे कण, म्हणजे प्रतिजन, शोधणारी पट्टी उपलब्ध आहे. थेंबभर पाणी किंवा रक्तातील द्रव घेऊन ती साधारण दहा मिनिटांत उत्तर देते आणि ते उत्तर अत्यंत विश्वासार्ह असते. दीर्घकाळ चाललेल्या मेनिन्जायटिसच्या प्रत्येक रुग्णाची ही चाचणी व्हावी, असे मी आग्रहाने म्हणेन, कारण तिचा खर्च आणि त्रास नगण्य आहे, तर चुकलेल्या निदानाची किंमत जीव ही आहे.

इतर बुरशींसाठी इतका सोपा मार्ग नाही. बीटा-डी-ग्लुकन हा अनेक बुरशींच्या भिंतीतील घटक सीएसएफमध्ये मोजता येतो आणि दूषित इंजेक्शनांच्या साथीत तो फार उपयोगी पडला. मात्र क्रिप्टोकॉकस आणि म्युकरमायकोसिसच्या बुरशी तो पुरेसा सोडत नाहीत, त्यामुळे ती चाचणी नकारात्मक आली तरी या दोन बुरशी नाहीत असे म्हणता येत नाही. नमुन्यात बुरशी उगवून पाहणे हा जुना आणि आजही आवश्यक मार्ग आहे. बुरशी पाण्यात विखुरलेली नसून आवरणाला चिकटलेली असते, म्हणून दोन-चार थेंब पाठवून भागत नाही. जास्त पाणी घ्यावे लागते, ते पुनःपुन्हा घ्यावे लागते आणि प्रयोगशाळेने तो नमुना तीन-चार आठवडे जपावा लागतो. अलीकडे नमुन्यातील सगळाच डीएनए वाचण्याचे तंत्र आले आहे. अनेक पत्रे फाडून एकत्र केलेल्या कागदाच्या ढिगाऱ्यातील तुकडे वाचून कोणकोणती पत्रे होती हे ओळखावे, तसे ते काम असते. त्यातून अनपेक्षित बुरशी सापडल्या आहेत. पण हवेतून किंवा उपकरणांवरून आलेल्या बुरशीचे तुकडेही त्या ढिगात असतात, म्हणून त्या अहवालाचा अर्थ लावायला जाणकार लागतो.

मेंदूत गाठ असेल, तर तिचा तुकडा किंवा पू काढण्याला पर्याय नसतो. येथे होणारी एक चूक टाळता येण्याजोगी असल्यामुळे अधिकच खंत वाटायला लावणारी आहे. गाठ कर्करोगाची असेल या समजुतीने काढलेला सगळा तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाकला जातो. फॉर्मेलिनमुळे पेशींची रचना टिकते, पण त्यातील बुरशी मरते. मग सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू दिसतात, परंतु ती कोणती आहे आणि कोणत्या औषधाला दाद देईल हे उगवून पाहता येत नाही. तुकड्याचा काही भाग साध्या सलाइनमध्ये सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेकडे पाठवला, तर दोन्ही कामे होतात. बुरशीचा संशय असल्याचे प्रयोगशाळेला आधीच सांगणेही आवश्यक असते. तेथील कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी तर ते फारच महत्त्वाचे आहे, कारण कॉक्सिडिऑइड्ससारख्या बुरशीचे बीजाणू उघड्या तबकडीतून श्वासात गेले तर त्यांनाही संसर्ग होऊ शकतो.

औषधे असूनही उपचार इतके कठीण का

शेतातील तण पिकासारखेच असेल, तर पिकाला धक्का न लावता ते मारणारे औषध शोधणे अवघड जाते. बुरशीची पेशी जिवाणूच्या पेशीपेक्षा आपल्या पेशीला कितीतरी जवळची आहे आणि म्हणून बुरशीविरोधी औषधे थोडी आहेत. त्यांतील सर्वांत जुने आणि अजूनही आघाडीवर असलेले औषध म्हणजे ॲम्फोटेरिसिन-बी. १९५० च्या दशकात व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीच्या परिसरातील मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून ते मिळाले. आपल्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल असते, तर बुरशीच्या आवरणात त्याच्यासारखेच एर्गोस्टेरॉल. ॲम्फोटेरिसिन एर्गोस्टेरॉलला धरते, पण थोडेसे कोलेस्टेरॉललाही धरते, आणि त्यातून मूत्रपिंडाला इजा होते व रक्तातील पोटॅशियम घसरते. स्निग्ध कणांत गुंडाळलेले, म्हणजे लायपोसोमल, रूप बरेच सौम्य असते, परंतु महाग असते.

क्रिप्टोकॉकसमध्ये त्याच्या जोडीला फ्लुसायटोसिन देतात. कर्करोगासाठी १९५७ मध्ये तयार केलेले हे औषध त्या कामी निरुपयोगी ठरले. बुरशीत मात्र असे एक विकर असते की जे त्याचे विषात रूपांतर करते. माणसाच्या पेशींत ते विकर नसल्यामुळे विष तयार होते ते मुख्यतः बुरशीच्या आतच. हे औषध मेंदूची वीण सहज ओलांडते. रक्तपेशींवर मात्र लक्ष ठेवावे लागते. हा जोरदार टप्पा दोन आठवड्यांपासून चार-सहा आठवड्यांपर्यंत चालतो आणि त्यानंतर फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या वर्षभर किंवा अधिक काळ घ्याव्या लागतात. आफ्रिकेतील पाच देशांत झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनचा एकच मोठा डोस, सोबत दोन आठवडे फ्लुसायटोसिन आणि फ्लुकोनॅझोल, ही पद्धत तितकीच परिणामकारक आणि अधिक सुरक्षित ठरली. तो मोठा दिलासा होता. पण ते रुग्ण एचआयव्हीबाधित होते, त्यामुळे तो निष्कर्ष या लेखातील ‘निरोगी’ रुग्णांना जसाच्या तसा लावता येत नाही.

ॲस्परजिलस आणि एक्सेरोहायलमसाठी व्होरिकोनॅझोल वापरतात. ते मेंदूत चांगले पोचते, मात्र एकाच मात्रेने कुणाच्या रक्तात त्याचे प्रमाण अपुरे राहते, तर कुणाच्या विषारी पातळीला जाते, म्हणून रक्ततपासणी करून मात्रा ठरवावी लागते. काळसर बुरशीच्या गाठीत नुसती औषधे पुरत नाहीत. शक्य असेल तेथे संपूर्ण गाठ शस्त्रक्रियेने काढलेल्या रुग्णांची परिस्थिती अधिक आशादायक असते. एकायनोकँडिन हा बुरशीविरोधी औषधांचा सर्वांत सुरक्षित गट मेंदूत जवळजवळ पोचतच नाही. औषध सौम्य आहे म्हणून ते येथे चालेल, असे गृहीत धरता येत नाही.

आता दाबाविषयी. क्रिप्टोकॉकसच्या कवचातील चिकट शर्करेमुळे सीएसएफचा निचरा होणाऱ्या वाटा तुंबतात आणि कवटीतील दाब चढतो. तो २५ सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाच्या दाबाहून अधिक झाला, तर सुईने पाणी काढून तो उतरवावा लागतो, गरज पडल्यास रोज. दाब तसाच राहिला, तर योग्य औषध चालू असतानाही दृष्टी जाते किंवा रुग्ण दगावतो. पाठीतून वारंवार पाणी काढण्याची नातेवाइकांना भीती वाटते आणि ते नकार देतात, हे समजण्यासारखे आहे. परंतु स्कॅन पाहून धोका नसल्याची खात्री केल्यावर या आजारात पाणी काढणे हा स्वतःच एक उपचार असतो, आणि त्यानंतर डोकेदुखी काही मिनिटांत ओसरलेली दिसते.

स्टेरॉइड वाईटच, असे समजावे का?

तसे समजू नये. एचआयव्हीबाधितांच्या क्रिप्टोकॉकल मेनिन्जायटिसमध्ये सर्वांना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देऊन पाहणारी चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात मृत्यू कमी झाले नाहीत आणि अपाय वाढला, म्हणून ती मध्येच थांबवावी लागली. निरोगी माणसात मात्र एक वेगळाच प्रकार घडू शकतो. औषधाने बुरशी मरते, पाण्यात काही उगवत नाही आणि तरीही रुग्ण बिघडत जातो, कारण मेलेल्या बुरशीच्या अवशेषांवर त्याची शाबूत प्रतिकारशक्तीच तुटून पडलेली असते. अशा वेळी बुरशीविरोधी औषध चालू ठेवून दिलेले स्टेरॉइड जीव वाचवू शकते. बुरशी जिवंत आहे की नाही, याचा निर्वाळा त्याआधी हवा.

प्रत्येक डोकेदुखीत बुरशी शोधायची का?

नाही. डोकेदुखी चार आठवड्यांहून अधिक टिकून वाढत चालली असेल, सोबत ताप, उलट्या, दृष्टीतील किंवा वागण्यातील बदल असेल, किंवा मणक्याजवळ इंजेक्शन घेतल्यानंतरच्या आठवड्यांत नवी डोकेदुखी सुरू झाली असेल, तर मात्र तपासणी लांबवू नये आणि त्या इंजेक्शनाचा उल्लेख विचारले नाही तरी डॉक्टरांकडे करावा. हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे रुग्णाला वेगळे ठेवण्याचे किंवा त्याच्यापासून लांब राहण्याचे कारण नाही. तो टाळणारी कोणतीही लस आज वापरात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रथमच १९ घातक बुरशींची प्राधान्य यादी जाहीर केली आणि क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्सला तिच्या सर्वांत वरच्या गटात ठेवले. संशोधनाचा पैसा या दुर्लक्षित क्षेत्राकडे वळावा, हा त्या यादीचा हेतू आहे.

रुग्ण बरा झाल्यावर काय उरते

कॉक्सिडिऑइड्सचा मेनिन्जायटिस झालेल्यांना फ्लुकोनॅझोल बहुधा आयुष्यभर घ्यावे लागते, कारण ते थांबवल्यावर आजार परत येतो. इतरांना उपचार संपल्यानंतरही काही काळ एमआरआय आणि तपासण्यांसाठी यावे लागते. याच काळात ‘हा संसर्ग याच माणसाला का झाला’ हा प्रश्न पुन्हा उघडायला हवा. रुग्ण घरी चालत गेला म्हणून तो मिटत नाही. एचआयव्ही आणि सीडी-फोरची तपासणी तर हवीच, शिवाय क्रिप्टोकॉकस असेल तर जीएम-सीएसएफविरुद्धची प्रतिपिंडे आणि कँडिडा किंवा काळसर बुरशी मेंदूत आढळली असेल तर कार्ड-नाइनची जनुकीय तपासणी. ज्यांच्यात कार्ड-नाइनचा दोष सापडतो, त्यांच्या प्रत्येक सख्ख्या भावंडात तोच दोष असण्याची शक्यता चारांत एक असते. त्यांपैकी कुणाला आज काहीही होत नसेल, तरी त्यांची रक्ततपासणी करून घ्यावी, म्हणजे पुढे कधी त्यांचे डोके महिनाभर दुखत राहिले, तर बुरशीचा विचार पहिल्याच दिवशी होईल.